पोटातलं कापड

"कापू नकोस. आहे तसा पोटात घाल." एवढंच म्हणून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वाती वळायला देवघरात गेल्या. चैत्रातली दुपार होती. शाळा सकाळची, त्यामुळे जेवणं उरकल्यावर मी हॉलमधला पंखा बंद करून शहाबादी फरशीवर नवीन वाकळ मांडायला घेतली होती. खाली चुलत सासूबाईंचं जुनं लुगडं ताणून अंथरलं होतं, कोपऱ्यांवर पितळी डबे आणि वरवंटा ठेवला होता, आणि बोचक्यातून एकेक कापड काढून कुठलं कुठे बसेल ते बघत होते. सासऱ्यांचा शर्ट मी मुद्दाम बाजूला ठेवला होता. पांढरा, पूर्ण बाह्यांचा, धुऊन धुऊन मऊ पडलेला, आणि कफांवर, खिशाच्या तोंडाशी, पोटाच्या घेरावर ती फिकट पिवळी झाक. त्याची पाठ मोकळी करून मधोमध लावायची, भोवतीनं गडद निळ्या इरकलीचे पट्टे, असं मनात पक्कं होतं. निळ्याशेजारी तो पिवळा इतका सुरेख दिसत होता की मी मोबाइलवर फोटोही काढला. आई जाता जाता थांबल्या, काठी भिंतीला टेकवली, वाकून शर्टाची बाही दोन बोटांत धरली, आणि मग ते वाक्य.

सहसा त्या माझ्या शिवणात लक्ष घालत नाहीत.

वाकळीच्या पोटात काय जातं हे शिवणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. वरचं आणि खालचं कापड धड लागतं, नजरेला बरं दिसणारं लागतं. पोटात जातात ते विरलेले परकर, ठिगळं लावून लावून संपलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, पंचे, ज्यांचा रंग कशाशीच जात नाही असे झंपर. तिथं शोभेचा प्रश्नच नसतो, फक्त जाडी सारखी यायला हवी, कुठे खड्डा नको, कुठे उंचवटा नको. म्हणून त्यांचं बोलणं मला लागलं. घरातल्या कर्त्या माणसाचा जपून ठेवलेला एकच शर्ट, आणि तो फाटक्या अभ्र्यांच्या पंगतीला? बाकीचे कपडे त्यांनीच तेराव्यानंतर वाटून टाकले होते. हा एक मागे ठेवला, इतकी वर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून सांभाळला, आणि या उन्हाळ्यात स्वतःहून माझ्या बोचक्यावर आणून ठेवला. तोंडानं काहीच बोलल्या नव्हत्या. मी समजले की वर लावायला दिलाय. लगेच विचारलं मात्र नाही. आईंना कारण विचारलं की त्या "असू दे" म्हणतात आणि विषय मिटतो. त्या आपल्या वेळेला सांगतात. तोवर मी शर्ट घडी करून कपाटात ठेवला आणि दुसरी कामं पुढे ओढली.

दुसरी कामं म्हणजे सध्या दोन. एक लेकीची गोधडी. ती पुण्याला फार्मसी शिकते, हॉस्टेलवर राहते, आणि तिच्या अटी स्पष्ट आहेत: एकेरी हवी, हलकी हवी, मशिनमध्ये धुता आली पाहिजे. शेवटच्या अटीनं मला बराच विचार करायला लावला. भरघोस सुती गोधडी भिजली की दोघींनी पीळ द्यायची वस्तू असते, ती मशिनच्या टबात गोळा होऊन बसते आणि टब हादरायला लागतो. म्हणून हिच्या पोटात एकच थर घातलाय, जुन्या मलमली साडीचा, आणि टाके नेहमीपेक्षा जवळ घेतलेत, म्हणजे आतलं कापड सरकायला जागाच नको. वरच्या बाजूला तिच्या शाळेच्या गणवेशाचा चौकडा आहे, ह्यांच्या लुंगीचा तुकडा आहे, आणि माझी पहिल्या पगारातली नारायणपेठ, जिचा पदर जाळीदार झाला होता. जर मात्र काढून टाकली. जरीचा काठ कितीही देखणा असला तरी अंगावर घ्यायच्या कापडात त्याला जागा नाही, झोपेत गालाला टोचतो. दुसरं काम दुपट्यांचं. भाचीला आषाढात बाळ होणार आहे. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि मला ती मनापासून पटते. नव्या कापडाला खळ असते, धागा कडक असतो. शेकडो धुण्यांतून गेलेल्या सुती कापडाइतकं मऊ काही नसतं. दुपट्याला टाका अगदी बारीक घ्यावा लागतो, कारण लांब टाक्याच्या फासात बाळाचं पायाचं बोट अडकू शकतं. गाठ वर येऊ द्यायची नाही, आतल्या घडीत लपवायची. तळहाताएवढ्या जागेत अर्धा तास सहज जातो.

कापड मिळणं हेच हल्ली अवघड झालंय. लोकांना वाटतं, जुन्या साड्या काय घरोघरी पडलेल्या असतात. असतात, पण पॉलिस्टरच्या. नात्यातल्या, शेजारच्या बायका प्रेमानं गाठोडी आणून देतात आणि मी ती संकोचानं परत करते. ते कापड सुईला दाद देत नाही, थरावर थर ठेवला की निसरतं, आणि मुख्य म्हणजे घाम पीत नाही. सांगलीच्या उन्हाळ्यात तसली गोधडी अंथरून झोपून बघावं म्हणजे कळेल. सुती लुगडी नेसणारी पिढी संपत आली, तशी गोधडीची खाणच आटत चालली आहे. माझ्या लहानपणी याच लुगड्यांवरून घरात वाद व्हायचे. बोहारीण दारात यायची, पायरीवर पितळी परात नि स्टीलची पातेली मांडून बसायची. एका पातेल्यासाठी आईला दोन साड्या द्याव्याशा वाटायच्या आणि आजी उंबऱ्यात उभी राहून म्हणायची, पातेलं थंडीत पांघरणार आहेस का. आता मीच शिंपीदादांकडे जाऊन सुती अस्तराचे तुकडे मागून आणते. नव्या कापडाचे चौकोन कापून, मधे फोमचा पातळ थर घालून केलेल्या 'क्विल्ट' दुकानांत मिळतात. दिसायला छान असतात, त्यामागे कष्टही असतात, त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण ज्या कापडानं आधी कुणाचं तरी अंग झाकलेलं नाही, ते शिवायला माझा हात उठत नाही.

शिवायला शिकवलं ते माहेरच्या आजीनं. आमचं माहेर जत भागातलं, अर्धं बोलणं कानडीत, आणि गोधडीला तिथे सगळे कौदीच म्हणतात. उन्हाळ्यात शेतात काही नसायचं, तेव्हा आजी दुपारभर कौदीवर बसायची. अक्षरशः वर बसूनच शिवायची, स्वतःच्या वजनानं थर दाबून धरत. कडेपासून सुरुवात, कोपऱ्याला वळण, पुन्हा कड, पुन्हा कोपरा, असं फिरत फिरत आत. दोन ओळींत बोटभर अंतर. जाड सुती दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, मधल्या बोटाला चिंधी गुंडाळायची, सुई एकदम चार-पाच टाके खाऊन वर येऊ द्यायची आणि मग सरकन दोरा ओढायचा. तो सरकन आवाज आणि दोरा ताणला गेल्यावर कापडावर उठणाऱ्या बारीक चुण्या, मला वाटतं मी शिवायला बसते ती निम्मी त्यासाठीच. मधे शेवटची चौकट शिवायची राहिली की आजी आत चार तांदूळ टाकायची. उपाशी ठेवू नये, म्हणायची. कुणाला, ते आम्ही विचारलं नाही. मी आजही टाकते.

एकदा बेळगावला ह्यांच्या मावसबहिणीकडे एक कौदी पाहिली होती, यल्लापूरकडच्या सिद्दी बाईच्या हातची. त्या भागातले सिद्दी म्हणजे काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या लोकांचे वंशज. तिथल्या बायका आमच्या आजीसारख्याच कडेपासून आत येत शिवतात, पण त्यांचे तुकडे मोठे, धीट, लाल-पिवळ्याची रेलचेल, आणि कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची लहान लहान फुलं. त्याला फुला म्हणतात आणि फुला नसली तर कौदी उघडी वाटते म्हणे. तेव्हापासून मीही कोपऱ्यांकडे नीट बघायला लागले. लेकीच्या गोधडीला तशी फुलं लावायचा विचार आहे. तिनं "हॉस्टेलवर सगळ्या विचारतील" म्हणून आधी नको म्हटलं, मग फोटो पाहिल्यावर रात्री उशिरा मेसेज आला, एका कोपऱ्याला लाव. मी चारही कोपऱ्यांना लावणार आहे.

ह्यांचा या सगळ्यात वाटा ताणून धरण्याचा. थर मांडताना समोरून दोन कोपरे धरून कापड झटकायला दुसरं माणूस लागतं, आणि ते काम ते पेपर बाजूला ठेवून न कुरकुरता करतात. त्या दुपारी आईंचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. रात्री मी विचारलं, दादांचा शर्ट वर का नको असेल? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादा दुकानातनं आले की आई त्यांना मोरीपाशीच थांबवायची."

सासऱ्यांना घरात सगळे दादा म्हणायचे. त्यांचं आयुष्य हळदीच्या पेढीवर गेलं. सांगलीत राहून हळदीचं वेगळं काय सांगायचं, माघ-फाल्गुनापासून मार्केट यार्डाच्या बाजूनं वारा आला की कळतंच. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे त्या काळात ते कामाला लागले, आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा निवृत्त होऊनही त्या बातमीचं कात्रण त्यांनी पाकिटात घालून ठेवलं होतं. हिशेबाचं काम त्यांचं, पण सौद्याच्या वेळी ढिगात उभं राहावं लागायचं, हळकुंड मोडून आतला रंग बघावा लागायचा, आणि पुन्हा येऊन त्याच बोटांनी वह्या लिहायच्या. वह्यांची पानंसुद्धा कोपऱ्यात पिवळी. मी लग्न होऊन आले तेव्हा दोरीवर वाळणारे त्यांचे शर्ट बघून मला वाटलं होतं, यांना नीट धुता येत नाहीत का? मग मी स्वतः धुवायला बसले आणि कळलं. साबण लागला की तो पिवळा डाग एकदम लालभडक होतो. मी घाबरून आईंना हाक मारली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, खळबळून काढ, जाईल. पाण्यात काढल्यावर लाल गेला, पिवळा परत आला. सगळा कधीच निघायचा नाही, थोडा उन्हात उडायचा, आणि उडायच्या आत दुसऱ्या दिवशीचा वर चढायचा. ओल्या शर्टाला मातीसारखा, किंचित कडवट वास यायचा. तो वास दादांच्या अंगालाही होता आणि मुलांना तो त्यांचाच वाटायचा, हळदीचा नाही.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा दादा होते. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हे आकडे सांगलीतल्या लहान पोरालाही पाठ आहेत. आमच्या पायऱ्यांना पाणी लागलं तशी धावपळ सुरू झाली. दादांनी आधी जुन्या वह्या माळ्यावर चढवल्या, आईंनी देव आणि ट्रंक. गोधड्या खालीच राहिल्या. पूर ओसरल्यावर विश्रामबागेतून परत आलो तेव्हा घरात घोटाभर गाळ होता आणि तो वास, तो शब्दांत मांडायचा मी प्रयत्न करणार नाही. गल्लीत दोन्ही बाजूंना गाद्यांचे ढीग लागले होते. कापसाची गादी एकदा पुराच्या पाण्यात बसली की संपली, आतला कापूस गोळे होऊन कुजतो, वाळवायला जावं तर वरून कोरडी, आतून ओली. आमच्याही सगळ्या गेल्या. पण गोधड्या वाचल्या. त्यांच्यात सुटा कापूस नसतो, थरावर थर टाक्यांनी धरलेले असतात, पाणी एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघून जातं. टँकरच्या पाण्यानं आईंनी, जावेनं नि मी त्या पायांनी तुडवून धुतल्या, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत बदलत राहिलो, आणि आठवडाभर गच्चीच्या कठड्यांवर घातल्या. दादा खुर्ची टाकून राखणीला बसायचे, ढग आले की ओरडायचे. त्यातल्या एका गोधडीवर गाळाची तपकिरी रेघ कायमची राहिली आहे. ती अजून वापरात आहे, आणि पाहुण्यांना द्यायची वेळ आली तर मी ती देत नाही. ती आमची आहे.

शर्टाचं कारण आईंनी सांगितलं ते गच्चीतच. दरवर्षी चैत्र-वैशाखात सगळ्या गोधड्या उन्हं खायला वर न्यायच्या, ढेकूण-कसर काही राहू नये म्हणून. काठी टेकत त्याही वर आल्या होत्या, दारातल्या सावलीत बसल्या. मी गोधड्या उलटत होते. माझ्या लग्नातल्या रुखवताच्या गोधडीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "हिची लाली बघ कुठं गेली." खरंच गेली होती. पोपटी शिल्लक होता, निळा शिल्लक होता, लालाचा मळकट गुलाबी झाला होता. मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "वर लावलास तर दर उन्हाळ्यात इथं येऊन पडणार. ऊन खाऊन टाकील ते. पांढराफेक शर्ट राहील नुसता. तसला शर्ट कुणाचाबी असतो."

मी हातातली गोधडी तशीच धरून उभी राहिले.

रात्री लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आजी बरोबरच सांगतेय. हळदीतला तो पिवळा घटक, करक्यूमिन, उजेडात टिकत नाही, त्यांना प्रयोगशाळेत तो गडद बाटलीत ठेवायला सांगतात. साबणानं लाल होणं म्हणजेही तेच, अल्कलीशी त्याचा रंग बदलतो. तिनं उत्साहानं पाच मिनिटं समजावलं आणि मग गप्प झाली. "म्हणजे आजीनं तो एवढी वर्षं ट्रंकेत ठेवला ना, म्हणून पिवळा राहिला. बाहेर असता तर गेला असता." मग विचारलं, "आई, पोटात घातल्यावर परत कधी बघता येणारच नाही ना?" नाही, म्हटलं. गोधडी उसवली तरच.

ते मला अजूनही पुरतं पचलेलं नाही. मी रंगांनी विचार करते. कापड हातात आलं की ते कशाशेजारी खुलेल हेच आधी दिसतं, आणि जे खुलतं ते दिसलं पाहिजे असं मला वाटतं. तो फोटो अजून मोबाइलमध्ये आहे, निळ्या इरकलीत मधोमध पिवळसर पांढरा शर्ट, आणि तो बघितला की आजही हळहळ वाटते, अशी वाकळ झाली असती. पण आईंना ती बघायची नाही. त्यांना ती पांघरायची आहे. शर्ट कुठं आहे ते त्यांना माहीत असेल, हात फिरवला की कॉलरची जाडी लागेल, तेवढं त्यांना पुरतं. माझ्या आणि त्यांच्या इच्छेत एवढं अंतर आहे, आणि वाकळ त्यांची आहे.

म्हणून परवा घातला. बटणं काढून श्रीखंडाच्या डब्यात टाकली. खिशात एक पेनाच्या शाईचा ठिपका होता, तो तसाच. बाह्या दोन्ही बाजूंना पसरल्या, पाठ वर, पुढचे पट्टे एकावर एक. कॉलर उसवून सपाट करू का विचारलं तर म्हणाल्या, राहू दे. सुई तिथं अडणार हे मला माहीत होतं आणि अडतेच आहे. कॉलरीवरून जाताना एकेक टाका सुटा घ्यावा लागतो, अंगठ्याला वळ उठतो. त्याच्या वर आणि खाली एकेक मांजरपाटाचा थर दिला, उजेड आत जाऊ नये म्हणून. मग इरकल अंथरली आणि ह्यांनी समोरून दोन कोपरे धरले. एरवी झटकून मोकळे होतात, या वेळी हातानं सुरकुत्या मोडत बसले, बराच वेळ.

वरच्या बाजूला मधली जागा रिकामी झाली होती, तिथं काय लावायचं यावर माझं अडलं होतं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आई पाचवारी नेसायला लागल्या, तेव्हापासून त्यांची लुगडी घडीतच आहेत. काल त्यांनी ट्रंक उघडायला लावली आणि एक हिरवंगार लुगडं काढून दिलं, लाल काठाचं, फारसं न नेसलेलं. मी म्हटलं, आई, हे एवढं चांगलं आहे, आणि लाल काठ तर उन्हात लगेच विटतो, तुम्हीच सांगितलंत. म्हणाल्या, "विटू दे की. माझंच हाय ते. मी पांघरीन, तुम्ही पांघरा, विटू दे."

आता आमचं दोऱ्यावरून चाललंय. मला त्या हिरव्यावर लाल टाका हवा आहे, ठसठशीत, लांबून दिसणारा. त्यांना पांढराच हवा, त्यांच्या आईनं घातलेला तसा. लेकीनं फोनवरून लालाच्या बाजूनं मत दिलंय, हे तटस्थ आहेत. वळवाचे ढग दुपारनंतर जमायला लागलेत. भाचीची दुपटी झाली आहेत, उरलेल्या हिरव्यातून आणखी एक सहज निघेल. लेकीची गोधडी ती जूनमध्ये परत जायच्या आत संपवायची आहे, चार फुलांसकट. उद्या सुट्टी आहे. सकाळीच दोऱ्याचं रीळ आणायला मारुती रोडला जाणार आहे. दोन्ही रंग आणते.